सेटलचा आठवडी बाजार आणि जमिनीखाली जाणारे ओढे

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील भटकंतीविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे उत्तर यॉर्कशायरमधल्या सेटल या बाजारपेठेच्या गावाशी आणि त्याच्या परिसराशी संबंधित होती. त्यांतली पाच या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी लीड्समध्ये नोकरी करते. मे महिन्यात आम्ही उभयता तीन आठवडे तिच्याकडे जात आहोत. लंडन आणि एडिंबरो मागच्या खेपेस पाहून झाले. या वेळी एखाद्या लहान गावी चार दिवस राहून निसर्ग पाहावा, असे वाटते. आम्ही तिथे मोटार चालवणार नाही आणि ह्यांना गुडघेदुखीमुळे मोठी चढण झेपत नाही. कोणते गाव निवडावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपण सेटलला जावे, असे मी निःसंकोचपणे सुचवते. लीड्सहून तिथे थेट रेल्वेगाडी जाते, प्रवास साधारण एका तासाचा आहे आणि स्थानकावर उतरले की बाजारचौक चालत काही मिनिटांवर आहे. राजा तिसरा हेन्री याने १२४९ मध्ये या गावाला बाजार भरवण्याची सनद दिली आणि आजही मंगळवारी तिथे आठवडी बाजार भरतो. म्हणून शक्य असल्यास सोमवारी मुक्कामाला पोहोचावे. आपल्याकडच्या आठवडी बाजाराची गर्दी आणि गलका तिथे नाही, पण आसपासच्या शेतकरी कुटुंबांनी आठवड्यातून एकदा गावात येऊन खरेदी करावी, दोन घटका बोलत उभे राहावे, ही रीत तीच आहे. चौकाच्या एका बाजूस 'शॅम्बल्स' नावाची जुनी कमानदार इमारत आहे. शॅम्बल्स म्हणजे खाटकांची दुकाने. जवळच १६७९ सालचा 'फॉली' हा वाडा आहे आणि त्यात परिसराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.

गावाच्या डोक्यावर कासलबर्ग नावाचा चुनखडकाचा सुळका उभा आहे. चढण थोड्या वेळाची असली तरी उभी आहे, त्यामुळे आपल्या यजमानांनी ती टाळावी. त्याऐवजी रिबल नदीच्या काठाने उत्तरेला स्टेनफर्थपर्यंत जावे. अंतर सुमारे चार किलोमीटर आहे. तिथे सतराव्या शतकातला एक देखणा एककमानी दगडी पूल आहे. ओझ्याची घोडी जाण्यासाठी बांधलेला असल्यामुळे तो अरुंद आहे. त्याच्या खालच्या अंगाला स्टेनफर्थ फोर्स हा पायऱ्यापायऱ्यांचा धबधबा आहे. शरद ऋतूत समुद्राकडून परतणारे सामन मासे या पायऱ्यांवरून उड्या घेत वर जातात. मे महिन्यात ते दिसणार नाहीत, पण काठावरची झाडी त्या दिवसांत नुकती पालवलेली असते.

वाटेत लँगक्लिफजवळ चुन्याची एक अवाढव्य भट्टी जरूर पाहावी. १८७३ मध्ये बांधलेल्या या हॉफमन भट्टीत वर्तुळाकार मांडणीचे २२ कप्पे आहेत. विस्तव एका कप्प्यातून दुसऱ्यात पुढेपुढे सरकवत नेला जाई. त्यामुळे एकीकडे दगड भाजला जात असताना दुसरीकडे निवालेला चुना बाहेर काढता येई आणि तिसरीकडे नवा दगड रचता येई. आज ती थंड आणि रिकामी आहे आणि तिच्या कमानदार बोगद्यात शिरता येते. मला ही भट्टी गावातल्या कोणत्याही इमारतीपेक्षा अधिक बोलकी वाटते, कारण हा सारा मुलुख ज्या दगडाचा आहे त्याच दगडावर इथल्या माणसांनी पोट भरले.

एक गोष्ट आपल्या वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. यॉर्कशायर डेल्स हे १९५४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान आहे आणि सेटल त्याच्या हद्दीला लागून, किंचित बाहेर आहे. मात्र 'राष्ट्रीय उद्यान' म्हटल्यावर ताडोब्यासारखे प्रवेशद्वार, तिकीट आणि जीपगाड्या डोळ्यांपुढे आणू नयेत. या उद्यानात गावे, शेते, मेंढरे, शाळा सारे काही आहे आणि त्याची वेस ओलांडल्याचे कळतही नाही.

आणखी एक धागा मुंबईपर्यंत येतो. कारागिरांना विज्ञानाचे शिक्षण मिळावे म्हणून झटलेले डॉक्टर जॉर्ज बर्कबेक यांचा जन्म १७७६ मध्ये सेटलमध्ये झाला. त्यांच्या प्रयत्नांतून 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' ही कल्पना रुजली, पसरली आणि मुंबईतही आली. काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालय आरंभी 'ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' या नावाने ओळखले जाई.

प्रश्न : आम्ही सह्याद्रीत भटकणारे चौघे गेल्या जुलैत सेटलजवळच्या मॅलम कोव्हला जाऊन आलो. एवढा प्रचंड कडा, त्याच्या वरच्या अंगाला तलाव आणि भरपूर पाऊस, तरीही कड्यावरून पाण्याचा थेंब पडत नव्हता. पायथ्याच्या फटीतून मात्र एक ओढा मुकाट्याने वाहत होता. हे पाणी कुठून येते? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण या प्रदेशाचे सारे मर्म त्यात आले आहे. सह्याद्रीत आपण ज्या खडकावर वाढलो तो बेसाल्ट म्हणजे लाव्हारसाचा थिजलेला थर. पावसाच्या पाण्यात तो विरघळत नाही. म्हणून आषाढ-श्रावणात आपल्या प्रत्येक घळीतून पाणी कोसळते आणि म्हणूनच गडांवर खोदलेल्या टाक्यांत ते पुढे कित्येक महिने टिकते. सेटल-मॅलमचा खडक मात्र चुनखडक आहे. तेहतीस कोटी वर्षांच्या आसपास, उबदार आणि उथळ समुद्राच्या तळाशी शंखशिंपल्यांचा व इतर सागरी जीवांचा जो गाळ साचला, त्याचा तो झाला. पावसाचे पाणी हवेतून आणि विशेषतः मातीतून कार्बन डायऑक्साइड घेते व सौम्य आम्ल बनते. हे आम्ल चुनखडकाच्या सांध्यांमधून उतरताना त्या फटी हळूहळू रुंदावत नेते. काही हजार वर्षांत फटीची घळ होते, घळीची गुहा होते आणि पृष्ठभागावरचा ओढा जमिनीच्या पोटात निघून जातो.

आपण पाहिलेला कडा सुमारे ८० मीटर उंच आणि ३०० मीटर रुंद आहे. हिमयुगात बर्फ वितळून लोंढे वाहत होते, तेव्हा जमीन गोठलेली असल्यामुळे ते खाली झिरपू शकत नव्हते. त्या काळी या कड्यावरून खरोखरच महाकाय धबधबा कोसळत होता. हवा उबदार झाली, जमिनीतल्या फटी मोकळ्या झाल्या आणि पाणी खाली गेले. हल्लीच्या काळात फक्त एकदा, ६ डिसेंबर २०१५ रोजी 'डेस्मंड' वादळाच्या पावसात भूमिगत वाटा तुडुंब भरल्या आणि मॅलम कोव्हवरून पुन्हा धबधबा पडला. गावातल्या जुन्या माणसांनीही असे दृश्य त्याआधी पाहिलेले नव्हते.

आता तलावाविषयी. मॅलम टार्न समुद्रसपाटीपासून सुमारे ३७५ मीटरांवर आहे. चुनखडकाच्या मुलुखात तलाव टिकतो कसा, असा प्रश्न पडायला हवा. त्याच्या तळाशी चुनखडक नाही, त्याहून जुना, पाणी न गळू देणारा खडक आहे आणि हिमनदीने आणून टाकलेल्या गाळाने त्याला बांध घातला आहे. तलावातून निघालेला ओढा थोडेसेच अंतर वाहतो आणि चुनखडकावर पाऊल टाकताच दगडगोट्यांमध्ये नाहीसा होतो. त्या जागेचे नावच 'वॉटर सिंक्स' म्हणजे 'पाणी बुडते ते ठिकाण' असे आहे. हेच पाणी कड्याच्या पायथ्याशी बाहेर येत असणार, असे कोणालाही वाटेल. पण पाण्यात रंग टाकून घेतलेल्या चाचण्यांतून भलतेच निष्पन्न झाले. तलावाचे पाणी कड्याखालून थेट पुढे जाऊन मॅलम गावाच्या दक्षिणेला एअर हेड येथील झऱ्यांतून वर येते. आपण पायथ्याशी पाहिलेला ओढा पश्चिमेकडच्या वेगळ्याच ठिकाणी, जुन्या धातुभट्टीजवळ जमिनीत शिरलेल्या पाण्याचा आहे. दोन्ही प्रवाह अंधारात एकमेकांना ओलांडून जातात आणि पुढे एकत्र येऊन एअर नदी होते. हीच नदी लीड्स शहरातून वाहते.

कड्याच्या माथ्यावर आपण जी दगडी फरसबंदी पाहिली असेल, तीही याच झिजेतून झाली आहे. हिमनदीने माती खरवडून नेली, उघडा पडलेला खडक सांध्यांवर विरघळला आणि सपाट ठोकळे व खोल फटी उरल्या. ठोकळ्यांना तिथे 'क्लिंट' आणि फटींना 'ग्राइक' म्हणतात. एखादी फट दिसली की गुडघे टेकून आत डोकावावे. वर वारा आणि मेंढ्या काही उगवू देत नाहीत, पण आत सावली आणि ओल असल्यामुळे नेची, रानफुले, क्वचित एखादे खुरटे झाड सुखाने वाढते. एकेकाळी इथले घडीव दिसणारे दगड उपटून लोकांच्या बागांमध्ये शोभेसाठी नेले जात. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने अशा फरसबंदीला संरक्षण दिले. जवळच्या क्लॅपहॅम गावचे वनस्पतिसंग्राहक रेजिनाल्ड फॅरर हे इंग्लंडमध्ये खडकबागेची आवड वाढवणाऱ्यांपैकी प्रमुख होते. ज्या परिसरात ती आवड वाढली तिथलाच दगड त्या आवडीपायी संकटात यावा, याची मला हळहळ वाटते.

पुढच्या खेपेस ऑस्टविकजवळचे नॉर्बर पठार चुकवू नका. तिथे काळसर रंगाचे मोठमोठे धोंडे पांढऱ्या चुनखडकाच्या बुटक्या चौथऱ्यांवर बसवल्यासारखे दिसतात. हिमनदीने ते खालच्या दरीतून उचलून आणले आणि बर्फ वितळल्यावर तिथेच सोडले. भोवतालचा चुनखडक पावसाने झिजत गेला, धोंड्याखालचा मात्र छत्रीखाली राहिल्यासारखा वाचला. हे धोंडे ज्या चुनखडकावर बसले आहेत त्याहून कोट्यवधी वर्षांनी जुने आहेत, म्हणजे आजोबा नातवाच्या खांद्यावर बसावेत तसे.

प्रश्न : मी मध्य रेल्वेतून निवृत्त झालो आहे. कसारा घाटातल्या पुलांवर माझी निम्मी नोकरी गेली. रिबलहेडच्या पुलाविषयी आणि तो मार्ग बंद होता होता वाचला याविषयी ऐकून आहे. सविस्तर माहिती द्यावी. — एक वाचक, इगतपुरी

उत्तर : सेटल ते कार्लाइल हा सुमारे ७२ मैलांचा मार्ग मिडलंड रेल्वे कंपनीने बांधला. स्कॉटलंडकडे जाण्यासाठी प्रतिस्पर्धी कंपनीच्या रुळांवर अवलंबून राहावे लागत असल्याने तिने स्वतःच्या मार्गाची परवानगी मिळवली. पुढे प्रतिस्पर्ध्याशी समझोता होऊ लागला, तेव्हा तिला हा खर्च नकोसा झाला आणि तिने परवानगी रद्द करावी असा अर्ज केला. पार्लमेंटने तो फेटाळला, म्हणून मार्ग बांधावाच लागला. मालगाड्या १८७५ मध्ये आणि प्रवासी गाड्या १ मे १८७६ रोजी सुरू झाल्या.

याच मार्गावरच्या रिबलहेडच्या पुलाला २४ कमानी आहेत. लांबी सुमारे ४०० मीटर आणि सर्वाधिक उंची सुमारे ३२ मीटर आहे. दर सहावा खांब मुद्दाम अधिक जाड ठेवला आहे, म्हणजे दुर्दैवाने एखादा खांब कोसळलाच तर त्याच्यामागोमाग सगळा पूल न जाता नुकसान तेवढ्या भागापुरते राहावे. आपण घाटात काम केले आहे, तेव्हा या दूरदृष्टीचे मोल आपल्याला सांगायला नको. पुलाखालच्या बॅटी मॉस या दलदलीच्या माळावर मजुरांच्या झोपड्यांच्या वसाहती होत्या आणि त्यांतल्या काहींना क्रिमियन युद्धातल्या रणांगणांची नावे होती. सेव्हास्तोपोल आणि इंकरमन ही त्यांतली दोन. अपघातांनी आणि देवीच्या साथीने अनेक जण दगावले. जवळच्या चॅपेल-ले-डेलच्या लहानशा चर्चच्या आवारात दोनशेहून अधिक मजूर आणि त्यांच्या बायकामुलांना मूठमाती मिळाली. आपल्या बोरघाटात आणि कसारा घाटात त्याच सुमारास, थोडे आधी, किती तरी मजूर असेच गेले. रिबलहेडला गेल्यावर पुलाखाली उभे राहण्याइतकाच वेळ त्या चर्चसाठी ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

१९८० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेने हा मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव मांडला आणि पुलाच्या दुरुस्तीचा मोठा खर्च हे त्याचे प्रमुख कारण म्हणून दाखवले. लोक संघटित झाले आणि बावीस हजारांहून अधिक हरकती नोंदल्या गेल्या. त्यांत चळवळीतले एक अग्रणी ग्रॅहम नटॉल यांच्या रसवर्प नावाच्या कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता आणि तोही भाडे भरणारा प्रवासी असल्यामुळे ती हरकत ग्राह्य धरली गेली. ११ एप्रिल १९८९ रोजी सरकारने मार्ग बंद न करण्याचा निर्णय जाहीर केला. पुढच्या जानेवारीत नटॉल वेल्समधल्या डोंगरात चालायला गेले आणि परतले नाहीत. अकरा आठवड्यांनी त्यांचा मृतदेह सापडला, तेव्हा थकून गेलेला रसवर्प थंडीपावसात त्यांच्याजवळच बसून होता. मालकाच्या अंत्यविधीपर्यंत तो जगला. याच मार्गावरच्या गार्सडेल स्थानकाच्या फलाटावर त्याचा कांस्य पुतळा आहे.

सेटलहून गाडीत बसल्यास रिबलहेड स्थानकावर उतरून पुलाखाली जावे, कारण पुलावरून जाताना पूल दिसत नाही. पुढच्या गाडीने ब्ली मूरच्या बोगद्यातून डेंटपर्यंत जाता येते. सुमारे ३५० मीटर उंचीवरचे डेंट हे इंग्लंडच्या मुख्य रेल्वेजाळ्यावरचे सर्वात उंच स्थानक आहे. मात्र गाड्यांमध्ये बराच अवकाश असतो, हे ध्यानात घेऊन परतीची वेळ आधी पाहून ठेवावी.

प्रश्न : नऊ वर्षांच्या नातवाला गुहांचे वेड आहे. त्याला घेऊन सुरक्षितपणे कोणती गुहा पाहता येईल? — एक वाचक, फोंडा

उत्तर : क्लॅपहॅम गावाजवळची इंगलबरो गुहा त्याच्यासाठी योग्य आहे. १८३७ मध्ये आतला क्षारांचा नैसर्गिक बांध फोडून साचलेले पाणी सोडून दिले आणि आतली वाट मोकळी झाली. आता तिथे दिवे आहेत, पायवाट आहे आणि गावातून गुहेपर्यंतचा रस्ता दाट झाडीतून जातो. त्याच डोंगरावर गेपिंग गिल हे विवर आहे. फेल बेक नावाचा ओढा त्यात सुमारे शंभर मीटर खाली कोसळतो आणि जमिनीखालून येऊन इंगलबरो गुहेजवळच पुन्हा उजेडात येतो. १८९५ मध्ये एदुआर मार्तेल हा फ्रेंच संशोधक दोराच्या शिडीने त्यात उतरला, तोवर तळ कोणी पाहिला नव्हता. वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि ऑगस्टमध्ये, गुहाभ्रमण करणाऱ्या मंडळांचे सभासद तिथे यंत्र बसवून सामान्य लोकांना खुर्चीतून तळापर्यंत सोडतात. लहान मुलांसाठीचे त्यांचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. एरवी त्या विवराच्या काठाशी मुलाला अजिबात जाऊ देऊ नये, कारण गवत निसरडे असते.

सेटलच्या वरच्या कड्यांमधली व्हिक्टोरिया गुहा बाहेरूनच दाखवावी, कारण आत दरड पडण्याचा धोका आहे. पण गोष्ट त्याला अवश्य सांगावी. एकोणिसाव्या शतकात तिथे उत्खनन झाले, तेव्हा पाणघोडा, गेंडा, हत्ती आणि तरस यांची हाडे निघाली. सव्वा लाख वर्षांपूर्वी, दोन हिमयुगांच्या मधल्या उबदार काळात हे प्राणी यॉर्कशायरमध्ये हिंडत होते आणि तरसांनी त्यांचे अवशेष ओढून आणले. वरच्या थरात हरणाच्या शिंगापासून घडवलेले, सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीचे भाल्याचे दातेरी टोक सापडले. या खोऱ्यांमध्ये माणूस आल्याची ती अगदी आरंभीची खूण आहे.

प्रश्न : तिथले डोंगर शेतकऱ्यांच्या खाजगी मालकीचे आहेत, असे ऐकले. मग आपण त्यांच्या शेतातून चालत जाणे योग्य आहे का? कोणी हटकत नाही का? — एक वाचक, कुडाळ

उत्तर : जमीन खाजगी असली तरी तिच्यातून जाणाऱ्या जुन्या पायवाटांवर चालण्याचा हक्क सर्वांना आहे आणि तो शेतकरीही बंद करू शकत नाही. पिवळा बाण म्हणजे केवळ पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर घोडेस्वार आणि सायकलस्वारही जाऊ शकतात. याशिवाय २००० सालच्या कायद्याने डोंगरमाथ्यांवरची पुष्कळशी मोकळी जमीन पायी भटकंतीसाठी खुली केली आहे. सरकारी सर्वेक्षण विभागाच्या 'एक्सप्लोरर' मालिकेतला ओएल २ हा नकाशा घ्यावा. त्यात या सर्व वाटा आणि खुली जमीन दाखवलेली असते.

या हक्कासोबत येणारी शिस्त मात्र कसोशीने पाळावी. फाटक जसे सापडले तसेच ठेवावे, म्हणजे बंद असेल तर आपल्यामागे बंद करावे. शेतांच्या हद्दीवर आपल्या कोकणातल्या गडग्यांसारख्या, माती-चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती असतात. त्यांवर चढू नये. एक दगड निसटला की भिंतीला खिंडार पडते आणि ते पुन्हा रचणे हे कसबी हाताचे आणि वेळखाऊ काम आहे. भिंत ओलांडण्यासाठी ठरावीक जागी दगडी पायऱ्या किंवा अरुंद फट ठेवलेली असते, तिचाच वापर करावा. एप्रिल-मेमध्ये शेतांत कोकरे असतात, तेव्हा कळपापासून दूर राहावे. सोबत कुत्रा असेल तर त्याला दोरीने बांधूनच न्यावे.

याच दिवसांत माळरानावर जमिनीवरच घरटी करणारे पक्षी अंडी घालतात, म्हणून वाट सोडून गवतात शिरू नये. टिटवीचे तिथले भाऊबंद असलेले लॅपविंग डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागले, तर आपण त्यांच्या घरट्याजवळ आलो आहोत असे समजून पुढे सरकावे. लांब आणि खाली वाकलेल्या चोचीचा कर्ल्यूही तिथेच विणीसाठी येतो. हिवाळ्यात कोकणच्या खाड्यांच्या चिखलात चोच खुपसून खेकडे शोधणारा कर्ल्यू आपण पाहिला असेल, तर जात ओळखायला वेळ लागणार नाही. मात्र खाडीत सहसा ऐकू न येणारे त्याचे विणीच्या काळातले लांबलचक, थरथरते, चढत जाणारे गाणे ऐकायचे असेल, तर मे महिन्यात पहाटे लवकर सेटलच्या उत्तरेकडच्या पेनीगेंट डोंगराच्या उतारावर जावे.